आर्डुइनोवरची पंपाची पेटी विकायची, तर कोड द्यावा लागतो का?

कागल तालुक्यातल्या एका मुलानं प्रश्न पाठवलाय. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला आहे. रात्रपाळीची लाईट आली की वडिलांना उसाला पाणी पाजायला उठून मळ्यात जावं लागतं, म्हणून त्यानं आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम भरता येणारा छोटा बोर्ड), सिमकार्डवर चालणारं एक जीएसएम मॉड्यूल आणि चार रिले (विजेवर चालणारे स्विच) घेऊन मोबाइलवर चालणारा पंपाचा स्टार्टर बनवला. भावकीत पाच जणांनी तसाच मागितला. आता एक मोटर रिवाइंडिंगवाला म्हणतोय, पन्नास नग करून दे. त्यावर त्याचं विचारणं असं: "काका, आर्डुइनो ओपन सोर्स आहे म्हणजे फुकटच ना? मग मी विकू शकतो का? विकला तर माझा कोड सगळ्यांना द्यावा लागेल का? आणि सर्किट उघडं केलं तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात कोणीही उचलेल, मग माझं काय राहिलं?"

विकू शकतोस. एका शब्दात देता येईल असं उत्तर एवढंच. बाकीच्यासाठी पेटी उघडून आतलं एकेक बघावं लागेल.

तुला पन्नास नगांची ऑर्डर देणारा तो रिवाइंडिंगवालाच घे. त्याच्या गल्ल्याखाली एक तेलकट डायरी असेल. जळालेली मोटर आली की जुन्या कॉइल काढताना तो वेढे मोजतो, तारेला मायक्रोमीटर लावून गेज बघतो, स्लॉट किती, पिच किती, जोडणी कशी हे सगळं त्या डायरीत उतरवतो. पुढच्या वेळी तसलीच मोटर आली की मोजायचं काम वाचतं. मोटर तू विकत घेतलीस, ती तुझी. पण ती कशी भरायची हे ज्या पानावर लिहिलंय ते पान म्हणजे सोर्स. हे पान बहुतेक वर्कशॉपमध्ये कोणी दाखवत नाही. काही जण दाखवतात, पण फोटो काढू देत नाहीत. काही म्हणतात, घरच्या मोटरीला वापर, धंदा करू नकोस. आणि समज, एखाद्यानं डायरीच्या पहिल्याच पानावर सही करून लिहिलं: ही डायरी कोणीही वाचावी, उतरवून घ्यावी, यातली माहिती बदलावी, यावर मोटरी भरून विकाव्यात, मला विचारायला यायची गरज नाही. या शेवटच्यालाच ओपन सोर्स म्हणतात. आधीच्या तिघांना नाही, 'घरी वापर, धंदा नको' म्हणणाऱ्यालाही नाही.

म्हणजे महत्त्व त्या पहिल्या पानाला आहे. त्यालाच लायसन्स म्हणतात. गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर कोड दिसतोय, डाउनलोड होतोय, पण लायसन्सची फाइल नाही, तर तो ओपन सोर्स नाही. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. कवितेवर जसा कवीचा आपोआप हक्क, तसा कोडवर लिहिणाऱ्याचा. त्यानं परवानगी लिहून दिली नसेल तर दिसणारा कोडही परक्याचाच. यूट्यूबच्या व्हिडिओखाली दिलेल्या लिंकवरून कोड उचलला असशील तर हे आधी तपास.

'फुकट'चा घोळ आपण उगाच आयात केलाय. इंग्रजीत 'फ्री' हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो, मराठीत मोफत वेगळं आणि मुक्त वेगळं. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला तेव्हा त्यांना मुक्त म्हणायचं होतं, लोकांनी मोफत ऐकलं. १९९८ मध्ये नेटस्केपनं आपल्या ब्राउझरचा सोर्स खुला करायचं ठरवलं, त्या सुमाराला 'ओपन सोर्स' हा शब्द पुढं आला, त्यात हा घोळ टाळायचा हेतूही होता. आपल्याकडे घोळ तसाच राहिला. एक अख्खी पिढी क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरवर पीसीबी (सर्किटचा छापील बोर्ड) काढायला शिकली आणि तेही 'फुकटचं' म्हणून ओपन सोर्सच्याच खात्यात टाकते. क्रॅक म्हणजे दुसऱ्याची डायरी रात्री चोरून आणणं. त्याची काही गरजही उरलेली नाही. कायकॅड हे बोर्ड काढायचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. जाँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये सुरू केलेलं, २०१३ पासून सर्न या युरोपच्या अणुसंशोधन संस्थेनं हातभार लावलेलं. माझे गेल्या कित्येक वर्षांतले सगळे बोर्ड त्यावरच आहेत.

आता तुझा कोड.

ओपन सोर्स लायसन्सचे ढोबळ मानानं दोन स्वभाव आहेत. एमआयटी, बीएसडी, अपाची हे एका घरातले: घे, बदल, विक, फक्त माझं नाव आणि हा कागद सोबत ठेव. दुसरं घर जीपीएलचं. तेही विकायला ना म्हणत नाही, पण एक अट घालतं: माझा कोड तुझ्या वस्तूत घालून ती पुढं दिलीस, तर ज्याला दिलीस त्याला त्याचा सोर्स मिळाला पाहिजे, आणि त्याच अटींवर. डायरीच्या भाषेत सांगायचं तर, माझी डायरी वापरून भरलेली मोटर विकलीस तर गिऱ्हाइकाला पानाची नक्कलही दे.

इथं दोन गोष्टी लोक हमखास चुकीच्या समजतात. एक, ही अट वस्तू दुसऱ्याला दिल्यावर लागते. घरच्या मळ्यात तू जीपीएलचा कोड वाटेल तसा बदलून वापर, कोणी काही मागू शकत नाही. दोन, पेटीबरोबरच सोर्स दिलास तर जगभर वाटत बसायचं बंधन तुझ्यावर नाही. मात्र ज्याला दिलास त्यानं तो पुढं दिला तर तुला अडवता येत नाही. ही अट नुसती कागदावरची नाही. २००३ मध्ये लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये जीपीएलखालचा लिनक्स सापडला, कंपनीला सोर्स द्यावा लागला, आणि त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं खुलं सॉफ्टवेअर उभं राहिलं. ते आजही शेकडो जातींच्या राउटरवर चालतं.

आर्डुइनोच्या कोअर लायब्रऱ्या, म्हणजे आपल्या प्रोग्रामला जोडायचे तयार कोड, एलजीपीएलखाली आहेत. हा जीपीएलचा मवाळ भाऊ. त्यामुळं तू लिहिलेला प्रोग्राम उघडा करायची सक्ती नाही. पण लायब्ररीची नवी आवृत्ती घालून तुझा फर्मवेअर (चिपमध्ये भरायचा प्रोग्राम) परत जोडता यावा यासाठी ऑब्जेक्ट फाइल (यंत्रभाषेत गेलेले, पण अजून न जोडलेले तुकडे) देता आल्या पाहिजेत, आणि लायब्ररीतच बदल केला असशील तर तो बदल उघडा करावा लागतो. हे ऑब्जेक्ट फाइलचं कलम बहुतेकांना ठाऊकच नसतं. मला तर ते सांभाळण्यापेक्षा सोर्स देणं सोपं वाटतं. बाहेरून घेतलेल्या प्रत्येक लायब्ररीचं लायसन्स मात्र वेगळं वेगळं बघायचं. एखादी एमआयटी असेल, एखादी सरळ जीपीएल. जीपीएलची एक जरी आत असली तर तुझा पूर्ण फर्मवेअर त्या अटीखाली येतो. एका कागदावर लायब्ररीचं नाव, आवृत्ती आणि लायसन्स असे तीन रकाने आख. अर्ध्या तासाचं काम आहे.

हे झालं सॉफ्टवेअरचं, आणि खरं सांगायचं तर ते सोपं प्रकरण आहे. कोडची नक्कल करायला खर्च शून्य, आणि कॉपीराइट कोडला घट्ट चिकटलेला. हार्डवेअरला यातलं काहीच धड लागू पडत नाही.

सर्किटचं रेखाटन आणि पीसीबीचा लेआउट म्हणजे चित्र, त्यावर कॉपीराइट येतो. पण ते चित्र बघून उभं केलेल्या सर्किटवर, म्हणजे रिले अमुक वेळेनंतर ओढायची या करामतीवर, साधारणपणे कॉपीराइट नसतो. तिथं पेटंट लागतं, आणि तू काही पेटंट घेतलेलं नाहीस. म्हणून सॉफ्टवेअरचं लायसन्स उचलून हार्डवेअरला चिकटवलं की ते अर्धवट बसतं. याच कारणानं सर्ननं २०११ मध्ये हार्डवेअरसाठी वेगळं लायसन्स काढलं, त्यात वस्तू बनवणं आणि देणं यांचाही विचार आहे. २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याच्या तीन जाती झाल्या: एस म्हणजे कडक, डब्ल्यू म्हणजे मधली, पी म्हणजे ढिली.

दुसरा प्रश्न, हार्डवेअरमध्ये सोर्स म्हणजे नेमकं काय? सर्किटची पीडीएफ टाकून 'ओपन हार्डवेअर' लिहिणारे ढिगानं आहेत. पीडीएफ वाचता येते, बदलता येत नाही. जर्बर फाइल तर त्याहून पुढची, ती थेट पीसीबी बनवणाऱ्याच्या मशिनला जाते. प्रोग्रामच्या जगात चिपमध्ये भरायच्या तयार हेक्स फाइलची जी जागा, तीच इथं जर्बरची. सोर्स म्हणजे ज्या फाइलवर तू स्वतः बदल करायला बसतोस ती: कायकॅडचा स्केमॅटिक, लेआउट, पार्टची यादी आणि फर्मवेअर. पेटी स्वतः काढली असशील तर तिचं ड्रॉइंगही.

आणि तिसरं, खाली उतरत गेलास की कुठंतरी दार बंद लागतंच. आर्डुइनो उनोचा बोर्ड उघडा, पण त्यावरची एटीमेगा ३२८ चिप बंद. ईएसपी३२ या वायफायवाल्या चिपचा बराचसा कोड अपाची लायसन्सखाली मिळतो, पण वायफायचा गाभा तयार बायनरी (माणसाला न वाचता येणारी फाइल) म्हणून येतो. रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर पोरं सर्रास ओपन हार्डवेअर म्हणून सांगतात. त्यावर लिनक्स चालतो एवढंच खरं, बोर्डाच्या मूळ फाइल कोणी देत नाही. चिपच्या पातळीवरही काम सुरू आहे. २०१० मध्ये बर्कलीत सुरू झालेली रिस्क-फाइव्ह ही खुली सूचनासंहिता (प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांचा संच), आणि तिच्यावर आयआयटी मद्रासनं उभा केलेला शक्ती प्रोसेसर. तुझ्या पंपाला त्याची गरज नाही.

तुझ्यापुरतं बोलायचं तर विकत आणलेला नॅनो तुझ्या बोर्डावर सॉकेटमध्ये बसवलास, तर तुझं सर्किट उघडं करायचं काही बंधन येत नाही. डेटाशीट बघून चिपभोवती स्वतःचं सर्किट काढलंस, तरीही नाही. पण आर्डुइनोची मूळ बोर्ड फाइल उघडून त्यात रिले जोडलेस, तर ती फाइल क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ज्या लायसन्सखाली आहे त्याच लायसन्सखाली तुझीही फाइल द्यावी लागेल.

राहिलं नाव. पेटीवर मोठ्या अक्षरात 'आर्डुइनो पंप स्टार्टर' असं छापू नकोस. डिझाइन खुलं आहे, नाव खुलं नाही, तो ट्रेडमार्क आहे. कोल्हापुरी चपलेचं बघ. तिची कापणी, वेणी, टाच जगात कोणीही बघून शिवू शकतो. पण २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून 'कोल्हापुरी' हे नाव महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांतल्या मालापुरतं राखलेलं आहे. कायदा दोन्हीकडे वेगळा, पण व्यवहार तोच. तुझा नॅनो बहुधा सीएच३४० या यूएसबी चिपवाला क्लोन, म्हणजे दुसऱ्या कोणी बनवलेला तसाच बोर्ड, असेल. क्लोन असण्यात गैर काही नाही, त्यावर खोटं नाव छापणं गैर. खोट्या मालाचा फटका कसा बसतो तेही ऐकून ठेव. एफटीडीआय कंपनीच्या यूएसबी चिपच्या नकला बाजारात भरल्या होत्या. २०१४ मध्ये विंडोजच्या अपडेटमधून कंपनीचा नवा ड्रायव्हर आला आणि त्यानं नकली चिपांचा ओळखक्रमांकच शून्य करून टाकला. गिऱ्हाइकाला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं, त्याचा बोर्ड फक्त दिसायचा बंद झाला.

आता तुझी खरी भीती. कोणीतरी उचलेल.

भावा, उद्यमनगरात कॉपी करायला ओपन सोर्स कधीपासून लागायला लागलं? इथं 'नमुना घेऊन या, तसाच जॉब करून देतो' हेच धंद्याचं पहिलं वाक्य आहे. एखादी फेज गेली की मोटर बंद करणारा माझा स्वतःचा फेज-प्रिव्हेंटर बोर्ड पूर्ण बंद होता. सर्किट कोणाला दाखवलेलं नव्हतं, चिप लॉक केलेली होती. दीड वर्षात त्याची नक्कल बाजारात आली. हुबेहूब इतकी की माझ्या बोर्डावर 'फेज'चं इंग्रजी स्पेलिंग चुकलं होतं, तेही तसंच छापलेलं. तांब्याच्या रेघा ट्रेस करायला एक दुपार पुरते. प्रोग्राम त्यांना काढता आला नाही, तो त्यांनी अंदाजानं लिहिला. फेज गेल्यावर किती सेकंद थांबून ट्रिप करायचं आणि लाईट परत आल्यावर किती थांबून मोटर सोडायची, हे मी दोन उन्हाळे शेतात काढून ठरवलं होतं. ते त्यांच्याकडे नव्हतं. वर रिले हलक्या. काँटॅक्ट चिकटले, मोटर जळली, आणि शेतकरी पेटी घेऊन आला माझ्याकडे, कारण दिसायला ती माझीच.

त्या दिवशी मला दोन गोष्टी कळल्या. लपवून फायदा झाला नाही, आणि पेटीवर माझं ठसठशीत नाव नव्हतं ही चूक माझी होती. दुसरी गोष्ट मी लगेच सुधारली. पहिलीसाठी पूर यावा लागला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये, आणि मग २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा, पंचगंगेकाठच्या मळीतल्या पेट्या आठ-आठ दिवस पाण्याखाली होत्या. पाणी ओसरल्यावर करवीर, शिरोळकडून ट्रॉलीतून स्टार्टर आले, गाळानं भरलेले. साध्या पाण्यानं धुवायचे, आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसायचे, वाळवायचे आणि एकेक बघायचं. जुने साधे, ज्यांची सर्किट आम्हाला पाठ, ते बरेचसे उठले. एका कंपनीच्या मोबाइल स्टार्टरचं मात्र काहीच करता आलं नाही. बोर्ड काळ्या इपॉक्सीत बुडवलेला, आयसीचे नंबर घासून काढलेले. इपॉक्सीनं पाणी आत जात नाही हे खरं, पण त्यांचा ट्रान्सफॉर्मर आणि टर्मिनल बाहेरच होती. तिथं शॉर्ट झाल्यावर आत काय गेलं हे कळायला मार्ग नव्हता. फोन केला तर उत्तर आलं, ते मॉडेल बंद झालंय, नवीन घ्या. ज्याच्या उसात चार दिवस पाणी उभं आहे त्याला हे सांगायचं काम माझ्याकडे आलं.

माझे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. त्या काळी बऱ्याच सेटांत मागच्या पुठ्ठ्याला आतून सर्किटचा कागद चिकटवलेला असायचा. त्याला कोणी ओपन हार्डवेअर म्हणत नव्हतं. पुरानंतर मी तेच सुरू केलं. माझ्या प्रत्येक पेटीच्या झाकणाला आतून सर्किट चिकटवलेलं असतं, कायकॅडच्या फाइल सर्नच्या 'एस' लायसन्सखाली आणि फर्मवेअर जीपीएलखाली देतो. कोणी सुधारून विकलं तर त्याची सुधारणा मलाही मिळावी, एवढाच स्वार्थ. तू ढिलं लायसन्स निवडलंस तरी चालेल, पण माझं मत कडककडं झुकतं, कारण आपल्याकडे घेणारे पुष्कळ आणि परत देणारे कमी. पाण्यापासून बचावाला पारदर्शक कन्फॉर्मल कोटिंग मारतो.

नुकसान झालं का? दुरुस्तीचं काम घटलं, हे मान्य. गावातला वायरमन आता स्वतःच रिले बदलतो. पण तोच वायरमन नवीन बसवताना माझी पेटी मागतो, कारण ती त्याला उघडता येते. आणि सगळंच उघडं करायचं असं कुठं लिहिलेलं नाही. माझी टेस्ट जिग (बोर्ड तपासायची जोडणी), पार्ट कुठून घेतो, गिऱ्हाइकांची यादी, हे माझ्याकडेच आहे. उघड्या मालावर मोठा धंदा होतच नाही असं म्हणणाऱ्याला सांग, २०१९ मध्ये आयबीएमनं रेड हॅट ही ओपन सोर्सवर चालणारी कंपनी ३४ अब्ज डॉलरला घेतली. आपल्या पन्नास पेट्यांना ते उदाहरण फार लांबचं आहे, पण मुद्दा तोच. लोक फाइलीचे नाही, बसवून देण्याचे आणि फोन उचलण्याचे पैसे देतात.

कोड टाकण्याआधी एक काम कर. तू पाठवलेल्या प्रोग्राममध्ये बाराव्या ओळीत तुझ्या वडिलांचा मोबाइल नंबर लिहिलेला आहे. तसाच गिटहबवर गेला तर जगाला मिळेल. शिवाय पुढं कुठलाही मिस कॉल आला की मोटर सुरू होते, नंबर तपासलाच जात नाही. 'कोड दिसला तर हॅक होईल' असं तू लिहिलंयस, पण हे तर कोड न बघताही होईल. कुलपाची रचना सगळ्या गावाला ठाऊक असते, किल्ली तेवढी आपल्या खिशात लागते. नंबर ईईप्रॉममध्ये (लाईट गेली तरी टिकणाऱ्या चिपच्या मेमरीत) ठेव, बसवताना एसएमएसनं भर. उघडं म्हणजे आपोआप सुरक्षित असंही नाही. इंटरनेटवरची माहिती कुलूपबंद करणाऱ्या ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड नावाची चूक २०१२ पासून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, सापडली २०१४ मध्ये. पण २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करायच्या ओपन सोर्स प्रोग्राममध्ये कोणीतरी मुद्दाम घुसवलेलं चोरदार अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला सापडलं ते लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा माग काढत ते सोर्सपर्यंत पोचू शकले म्हणून.

शेवटी जबाबदारी. जवळपास प्रत्येक ओपन सोर्स लायसन्समध्ये अशा अर्थाचं एक वाक्य असतं, 'जसं आहे तसं, कसलीही हमी नाही'. ते वाक्य मूळ लेखकाला तुझ्यापासून वाचवतं. तुला तुझ्या गिऱ्हाइकापासून वाचवत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूच्या दोषाची जबाबदारी बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर येते. नेटवरची बहुतेक सर्किटं टेबलावर पाच व्होल्टवर चालवलेली असतात. तुझी पेटी ४१५ व्होल्टच्या थ्री-फेजला, वीज कडाडणाऱ्या वळवात, पत्र्याच्या शेडमध्ये लटकणार. तू पाठवलेल्या फोटोत इनपुटला एमओव्ही (व्होल्टेजचा अचानक झटका शोषणारा भाग) नाही, रिलेच्या तांब्याची रेघ आणि कंट्रोलच्या रेघेत जेमतेम दोन मिलिमीटर अंतर आहे, आणि जीएसएम मॉड्यूल टू-जीचं आहे, म्हणजे जिओचं सिम त्यात चालणार नाही. निम्म्या गिऱ्हाइकांचा पहिला फोन त्याचाच येईल.

पन्नासची ऑर्डर आत्ताच घेऊ नकोस. पाच कर, एक पावसाळा काढ. बोर्ड नव्यानं काढशील तेव्हा हाय-व्होल्टेजच्या बाजूला खाच पाड, एमओव्ही आणि फ्यूजला जागा ठेव, आणि जर्बर पाठवायच्या आधी कायकॅडची फाइल मला पाठव. 'फेज'चं स्पेलिंगही बघून घेतो.